सही-शिक्क्याचे मानसतज्ज्ञ

मन बिघडलं की थेरपिस्टकडे जावं, असं आता वर्तमानपत्रांच्या पुरवण्या, नटनट्या आणि शाळेतल्या पालकसभासुद्धा सांगू लागल्या आहेत. चांगलंच आहे. पण हा थेरपिस्ट येतो कुठून, त्याला घडवतं कोण, त्याला पगार कोण देतं आणि नेमका कशाबद्दल देतं, हे विचारायच्या भानगडीत कोणी पडत नाही. मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे. आधी सरकारी रुग्णालयात कंत्राटावर होते, आता खाजगी प्रॅक्टिस करते आणि शिकाऊ मुलामुलींना सुपरव्हिजन देते. आतली गोष्ट म्हणून सांगते: आपल्या आरोग्ययंत्रणेला माणसाचं ऐकून घेणारा माणूस नकोच आहे. तिला हवाय सही करणारा माणूस. आणि तिला जो हवा, तोच ती घडवते.

या शिक्षणाचा पाया आपल्याकडे 1955 साली बंगळूरच्या अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्थेत, म्हणजे आजच्या निम्हान्समध्ये घातला गेला. पुढे 1962 मध्ये रांचीला दुसरा वर्ग सुरू झाला. दोन्ही वर्ग मनोरुग्णालयाच्या कुंपणाआत. समोरचा रुग्ण दाखल झालेला, त्याच्या गोळ्या डॉक्टरांनी ठरवलेल्या. मग मानसशास्त्रज्ञाने करायचं काय? चाचणी घ्यायची, रिपोर्ट लिहायचा आणि तो फाईलला लावायचा. तिथल्या शिक्षकांनी त्या चौकटीत राहूनही मोठं काम केलं, हे नाकारण्याचा करंटेपणा मी करणार नाही. पण रुग्ण कुंपणाबाहेर आला, शाळेत, कचेरीत, शेतावर दिसू लागला, तरी आमची चौकट जागची हलली नाही.

आमच्यावर देखरेख करणारी संस्था म्हणजे भारतीय पुनर्वास परिषद, 1992 च्या कायद्याने आलेली. ती आरोग्य मंत्रालयाच्या हाताखाली नाही, सामाजिक न्याय मंत्रालयाच्या दिव्यांगजन विभागाच्या हाताखाली आहे. नैराश्याने अंथरूण धरलेल्या बाईशी बोलायला जो माणूस तयार करायचा, त्याचा अभ्यासक्रम ठरवणारं खातं एक आणि त्याला रुग्णालयात नेमणारं खातं दुसरं. 2021 मध्ये आरोग्य मंत्रालयाने संलग्न आरोग्य व्यावसायिकांसाठी नवा कायदा आणला. त्याच्या यादीत मानसशास्त्रज्ञ आहे, समुपदेशक आहे. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट मात्र कंसात टाकून वगळलाय, कारण तो पुनर्वास परिषदेचा. दोन घरचा पाहुणा उपाशी, ही म्हण आमच्यासाठीच केलेली असावी.

परिषदेच्या कायद्याचा दराराही बघण्यासारखा आहे. नोंदणी नसताना प्रॅक्टिस केलीत तर एक वर्षापर्यंत कैद, किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कोथरूडात एका सेशनची फी याहून जास्त आहे. शनिवार-रविवारचा कोर्स करून 'लाइफ हीलर' अशी पाटी लावणाऱ्याने एक रुग्ण तपासला की दंडाची सोय झाली, दुसऱ्यापासून नफा.

आणि आता एमफिलचा तमाशा ऐका. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट कोणाला म्हणायचं याची व्याख्या दिली आहे. पुनर्वास परिषदेची मान्यता असलेली पदवी हवी, नाहीतर एमएनंतर पूर्णवेळ दोन वर्षांचं, देखरेखीखालच्या कामासह केलेलं एमफिल हवं. प्रत्यक्षात बहुतेकांच्या वाट्याला आलेला रस्ता एमफिलचाच. मग 2020 च्या शैक्षणिक धोरणाने एमफिल ही पदवीच मोडीत काढली. 2022 मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने नियमांतून ती उडवली आणि 2023 च्या डिसेंबरात विद्यार्थ्यांना बजावलं की एमफिलला प्रवेश घेऊ नका. मग कोणाच्या तरी लक्षात आलं असणार की इथे एमफिल म्हणजे हौसेचा प्रबंध नसून रुग्णांपुढे बसण्याचा परवाना आहे! लगेच 2024 च्या जानेवारीत नवं पत्रक: क्लिनिकल सायकॉलॉजी आणि सायकियाट्रिक सोशल वर्कचं एमफिल 2025-26 पर्यंत चालेल. एका कायद्याने मागायचं, दुसऱ्या नियमाने बंद करायचं आणि पत्रक काढून मुदत वाढवून द्यायची. या काळात प्रवेश परीक्षांच्या मागे धावणाऱ्या मुलांनी आपलं काय होणार म्हणून मला जे फोन केले, त्यातली निम्मी मुलं स्वतःच रुग्ण होण्याच्या बेतात होती.

एवढ्या दिव्यातून पार पडून जागा मिळालीच, तर शिकायला काय मिळतं? इथे तुम्हाला एका जिल्हा रुग्णालयातल्या बोर्डाच्या दिवसाला घेऊन जाते. बोर्ड म्हणजे दिव्यांग प्रमाणपत्राचा बोर्ड. सकाळी आठपासून व्हरांड्यात रांग. कडेवर मुलं, हातात आधार कार्ड आणि झेरॉक्सची चळत, पिण्याच्या पाण्याच्या टाकीजवळ सांडलेलं पाणी आणि त्यातून ये-जा करणारे शेकडो पाय. मानसशास्त्र विभाग म्हणजे एक खोली, तिच्यात दोन टेबलं, दाराला कडी नाही. एका टेबलाशी मनोविकारतज्ज्ञ, ओपीडीतले सत्तर-ऐंशी रुग्ण उरकून आलेले. दुसऱ्या टेबलाशी शिकाऊ मुलगी, हातात स्टॉपवॉच, समोर लाकडी ठोकळ्यांचा पाट.

ती ज्या चाचण्या घेते त्यांचा इतिहास तसा अभिमानाचा आहे. बिने-कामत चाचणी व्ही. व्ही. कामत यांनी 1930 च्या दशकात मराठी आणि कानडी मुलांसाठी बेतली. सामाजिक परिपक्वतेची वाइनलँड मोजपट्टी मालिन यांनी नागपुरात भारतीय रूपात आणली. म्हणजे या दोन्ही हत्यारांची नाळ आपल्याच मातीत पुरलेली. पण स्वातंत्र्याच्या आधी बेतलेल्या प्रश्नांनी मोबाइलवर रील बघणाऱ्या मुलाची बुद्धी आजही मोजली जाते, याची लाज कामतांना नव्हे, त्यांच्यानंतरच्या यंत्रणेला वाटायला हवी. नवी चाचणी प्रमाणित करायला पैसा आणि वर्षं लागतात. जुनी झेरॉक्स करायला पानामागे रुपया.

तर मुलगी आईला विचारते: स्वतःच्या हाताने जेवतो का? शर्टाची बटणं लावतो का? एकटा रस्ता ओलांडतो का? आईला तिच्या वस्तीतल्या बायकांनी आधीच सांगून ठेवलंय की टक्के चाळीसच्या वर आले पाहिजेत. खाली आले तर संजय गांधी निराधार योजनेचे पैसे नाहीत आणि एसटीची सवलतही नाही. आता पोर गेल्या महिन्यात पहिल्यांदा स्वतः बटण लावायला शिकलंय. घरी तिने त्याचं कौतुक केलं असेल, शेजारणीला बोलावून दाखवलं असेल. इथे ती मान खाली घालून म्हणते, "न्हाई येत." पोरगं शेजारी उभं राहून ऐकतंय. शिकाऊ मुलीलाही कळतंय की बाई खोटं बोलतेय, आणि बाईला कळतंय की हिला कळलंय. रकाना भरला जातो. मुलाच्या प्रगतीचा जमाखर्च असा उलटा मांडायला लावणारी व्यवस्था ज्याने कोणी आखली, त्याला एक दिवस त्या टेबलाशी बसवायला हवं.

प्रश्न संपल्यावर ती बाई म्हणाली, "ताई, जरा बोलायचं होतं. याचं न्हवं, माझं. झोपच लागत न्हाई. विहिरीवर गेलं की भ्या वाटतं." शिकाऊ मुलीने घड्याळाकडे पाहिलं, दाराबाहेरच्या रांगेकडे पाहिलं आणि म्हणाली, "मावशी, आज बोर्ड आहे. सोमवारी नवा केस पेपर काढून या." तिने ते उर्मटपणे म्हटलं नाही. तिला तेच शिकवलेलं होतं. मी मध्ये पडून बाईला थांबायला सांगितलं, बोर्ड संपला की बोलू म्हटलं. बोर्ड साडेचारला संपला. तिची एसटी साडेतीनची होती. आणि सोमवारी ती आली नाही, हे वेगळं सांगायला नको. दोन गाड्या बदलून, मजुरी बुडवून कोण येतं?

हे शिक्षण आहे. पुस्तकात थेरपीची प्रकरणं असतात, परीक्षेत बेक आणि रॉजर्स या थेरपीच्या आद्य तज्ज्ञांवर प्रश्न येतात, पण हाताला वळण लागतं ते टेबलाशी. शिकाऊ मुलं दोन वर्षांत बुद्ध्यांक काढण्यात तरबेज होतात. समोरचा माणूस रडायला लागला की मात्र पाण्याचा ग्लास पुढे करतात आणि माझ्याकडे बघतात. लॉगबुकात थेरपीचे तास भरलेले असतात. ते कसे भरले जातात हे या क्षेत्रातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे आणि कोणी बोलत नाही. मनोविकारतज्ज्ञाच्या चिठ्ठीवर खाली 'काउन्सेलिंग' असा एक शब्द लिहून येतो, जसं 'जेवणानंतर' लिहून येतं. त्या एका शब्दावर दहा मिनिटं: टेन्शन घेऊ नका, व्यायाम करा, दारू सोडा. याला जर थेरपी म्हणायचं, तर आमच्या गल्लीतला रिक्षावाला माझ्यापेक्षा सीनिअर आहे.

खाजगी संस्थांत तर आणखी मजा. फी काही लाखांत, विद्यावेतन शून्य. एमएच्या मुलांना इंटर्नशिपसाठी उलटे पैसे मोजावे लागतात. रुग्णाच्या हिस्टरी यांनी लिहायच्या आणि वर पावतीही यांनीच फाडायची. नोंदणी टिकवायला पुढे सीआरईचे, म्हणजे चालू शिक्षणाचे, गुण लागतात. ते गुण मिळतात परिसंवादाला हजर राहिल्याबद्दल: सकाळी सही, दुपारी जेवण, संध्याकाळी प्रमाणपत्र. तुम्ही घेतलेलं एखादं सेशन जाणत्या माणसाने ऐकलं का, चूक दाखवली का, हे विचारणारा रकाना कुठेच नाही.

आता विम्याकडे वळू. 2017 च्या कायद्याचं कलम 21(4) सांगतं की शारीरिक आजाराला जसा विमा, तसाच मानसिक आजाराला द्या. कायदा 2018 च्या मे महिन्यात लागू झाला, विमा नियामकाने ऑगस्टमध्ये परिपत्रक काढलं, तरी कंपन्या हलेनात म्हणून 2022 मध्ये 31 ऑक्टोबरची मुदत घालावी लागली. झाली एकदाची समानता! पण कसली? आपल्याकडचा सर्वसाधारण विमा रुग्ण दाखल झाला की पैसे देतो. आयुष्मान भारतचंही तेच, ओपीडी त्यात नाहीच. हाड मोडलं तर दाखल व्हावं लागतं, तेव्हा समानता बरोबर. पण भीतीने घराबाहेर न पडणाऱ्या मुलाला दर आठवड्याला पाऊण तास, असे चार-सहा महिने कोणीतरी नीट बसून ऐकायला हवं असतं. त्याला खाट नको, खुर्ची हवी. खाटेचे पैसे मिळतात, खुर्चीचे मिळत नाहीत. मग खाजगी रुग्णालय काय करेल? खाटा वाढवेल. सायकॉलॉजिस्ट ठेवला तर दाखल रुग्णाच्या बिलात 'सायकोमेट्री' ही ओळ घालण्यापुरता ठेवेल. कायद्याने हक्क दिला आणि पॉलिसीच्या बारीक अक्षरांनी तोंडाला पानं पुसली.

यावर सरकारी उत्तर ठरलेलं: माणसंच नाहीत हो. मग शेजारच्या गोव्यात काय झालं ते सांगते. संगथ ही संस्था तिथे 1996 पासून काम करते. तिने डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांच्या पुढाकाराने 10 प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक प्रयोग केला. मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक माणसांना प्रशिक्षण दिलं आणि तीव्र नैराश्याच्या रुग्णांशी सहा ते आठ भेटी ठरवून बोलायला लावलं. 2017 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले: तीन महिन्यांनी या गटातले 64 टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर होते, नेहमीच्या उपचारांच्या गटात हे प्रमाण 39 टक्के होतं. विदर्भात अमरावती जिल्ह्यातल्या गावांत 'विश्राम' प्रकल्प झाला. तिथे नैराश्यासाठी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण 4.3 टक्क्यांवरून 27.2 टक्क्यांवर गेलं. म्हणजे काम होतं, आणि लाखो रुपयांच्या पदवीशिवाय होतं.

माझ्या पेशातली काही मंडळी हे आकडे ऐकून नाक मुरडतात. त्यांनी मुरडावं. मला राग येतो तो सरकारने यातून काय उचललं याचा. गोव्यातल्या त्या समुपदेशकांची सेशनं रेकॉर्ड होत होती, ती एकमेकांत बसून ऐकली जात होती, गुण दिले जात होते, वर अनुभवी तज्ज्ञ होते. सगळं मर्म या देखरेखीत आहे. आपण उचललं काय? फक्त 'स्वस्त माणूस'. आशाताईंच्या डोक्यावर आधीच लसीकरण, बाळंतपणं, क्षयरोग, कुष्ठरोगाचं सर्वेक्षण. त्यात शेतकऱ्यांच्या तणावाचा आणखी एक फॉर्म घातला. घरोघरी जाऊन विचारायचं, मनात वाईट विचार येतात का? येतात, असं उत्तर आलं तर पुढे काय करायचं हे तिला शिकवायला आणि ती स्वतः हादरली तर तिला सावरायला कोणाला नेमलंय? जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातल्या, एके काळी मी होते तशा कंत्राटी माणसाला, ज्याचं स्वतःचं अकरा महिन्यांचं पत्र मार्चनंतर पुढे जाईल की नाही हे त्यालाच माहीत नाही.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 2022 च्या अहवालात देशात सर्वाधिक आत्महत्या महाराष्ट्रात नोंदल्या गेल्या: 22,746. 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात मात्र 12 राज्यं होती आणि त्यांत महाराष्ट्र नव्हता. त्या सर्वेक्षणाने देशाच्या इतर भागांत उपचारांची तूट बहुतेक मानसिक आजारांत 70 टक्क्यांच्या वर असल्याचं दाखवलं. आपली तूट आपण मोजलीही नाही. 2022 च्या 10 ऑक्टोबरला टेलिमानस ही सरकारी हेल्पलाइन आली, 14416 हा क्रमांक आला. फोन उचलणारी मुलं मनापासून काम करतात. पण फोनवरचा माणूस शांत झाल्यावर त्याला 'आता तुमच्या तालुक्यात अमक्याकडे जा' असं सांगायला तो अमका असायला लागतो ना?

साहेबांच्या देशाचं उदाहरण द्यायची आपल्याला फार हौस, म्हणून तेही देते. ब्रिटनमध्ये लॉर्ड लेयर्ड नावाचे अर्थशास्त्रज्ञ आणि डेव्हिड क्लार्क हे मानसशास्त्रज्ञ यांनी सरकारला हिशेब मांडून दाखवला आणि 2008 पासून तिथल्या राष्ट्रीय आरोग्यसेवेने बोलण्याच्या उपचारांसाठी हजारो माणसं पगार देऊन शिकवली. शिकताना पगार, हे पुन्हा वाचा. तिथेही सगळं आलबेल नाही. दर सेशनला प्रश्नावली भरायची, निम्मे रुग्ण बरे झाल्याचं दिसलं पाहिजे असं लक्ष्य, आणि त्या लक्ष्याच्या मागे थेरपिस्टांची दमछाक. फॉर्मवर मावेल तेवढंच दुःख हाताळायला शिकलेली पिढी तयार झाली, अशी तक्रार तिथलीच माणसं करतात. ती खरी असेल. पण त्यांचं भांडण ऐकणं कसं मोजावं यावर आहे. आपल्याकडे ऐकणं हे काम आहे, हेच अजून हिशेबात धरलेलं नाही.

सरकारी दार बंद आणि विम्याचं दार बंद, म्हणून आमची मुलं जातात कुठे? मुंबई-पुण्यात खाजगी प्रॅक्टिसला, नाहीतर ॲपवाल्या कंपन्यांकडे. तिथे दिवसाला सात-आठ सेशनं, मध्ये चहाला वेळ नाही, सेशन संपलं की ग्राहक तारे देणार. कंपनीशी करार असेल तर कर्मचाऱ्याला मोजकी सेशनं फुकट. माणूस ज्या दिवशी मूळ दुखण्याबद्दल बोलायला लागतो, त्याच दिवशी त्याचा कोटा संपतो. फी दीड-दोन हजार, म्हणजे शेतमजुराची चार-पाच दिवसांची मजुरी. त्यामुळे या मुलांना सराव होतो तो आयटीतल्या इंग्रजी बोलणाऱ्या तिशीतल्या माणसांचा. लातूरहून आलेली, घरी मराठीशिवाय दुसरं न बोललेली माझी एक विद्यार्थिनी आता पॅनिक अटॅकवर मराठीत बोलायचं म्हटलं की अडखळते. तिला दोष देणार नाही. तिला मराठीत शिकवलं कोणी आणि मराठीत ऐकण्याचे पैसे दिले कोणी?

उपाय सांगा, असं म्हणणाऱ्यांसाठी: शिकाऊंना वैद्यकीय निवासी डॉक्टरांसारखं विद्यावेतन द्या. जिल्हा रुग्णालयात प्रमाणपत्रांचं काम आणि उपचारांचं काम यांची माणसं वेगळी करा. सुपरव्हायझरची जागा कायम करा. दाराला कडी लावा. यातल्या शेवटच्या मागणीला मंत्रिमंडळाच्या मंजुरीची गरज नाही, तरी तीही कित्येक वर्षं मान्य झालेली मी पाहिली नाही.

वाचकांनी एक करावं. माहितीच्या अधिकारात 10 रुपयांचा अर्ज आपल्या जिल्हा रुग्णालयात टाकावा आणि दोनच प्रश्न विचारावेत: गेल्या वर्षी मानसशास्त्र विभागाने प्रमाणपत्रांसाठी किती जणांच्या चाचण्या घेतल्या, आणि उपचारांसाठी किती जणांना चारपेक्षा जास्त वेळा भेट दिली? मी टाकला होता. पहिल्या प्रश्नाचं उत्तर महिनावार तक्त्यात आलं, सही-शिक्क्यासह. दुसऱ्यापुढे लिहिलं होतं: सदर माहिती या कार्यालयात संकलित केली जात नाही.